कीटकांचा बखरकार : ई. एच. ए.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी कीटकांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. कीटक हा विषय विज्ञान शाखेचा, आणि तोही प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेटीत टाचणी टोचून ठेवलेला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आपण कविता वाचाव्यात, इतिहासाच्या सनावळ्या पाठ कराव्यात, फार तर अर्थशास्त्राचे आलेख काढावेत. आणि झुरळ, डास, मुंगी ह्यांच्याशी आपला संबंध चपलेपुरता ठेवावा! परंतु आपल्या भागात कीटकांच्या अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला, त्यांतला एक महत्त्वाचा माणूस प्रयोगशाळेतून आलेला नव्हता. तो मुंबई विद्यापीठाचा एम. ए. होता, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवीत होता आणि पुढे उभा जन्म त्याने मीठ व जकात खात्याच्या नोकरीत काढला. त्याचे पूर्ण नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. आपल्या पुस्तकांवर मात्र ते ई. एच. ए. एवढीच तीन अक्षरे घालीत, आणि वाचक त्यांना ह्याच तीन अक्षरांनी ओळखत.

ह्या माणसाच्या चरित्राकडे मी वळलो तो एका साध्या प्रश्नामुळे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या आमच्यासारख्या मुलांना कीटकांचा अभ्यास करावासा वाटला, तर त्याची साधने कोठे आहेत? विद्यापीठ मुंबईला, संग्रहालये मुंबईला, तज्ज्ञ पुण्या-मुंबईला. आमच्याकडे आहेत ती भातखाचरे, घाटाचे उतार, माथेरानचे जंगल आणि चार महिने कोसळणारा पाऊस. एवढ्यावर काही अभ्यास होऊ शकतो काय? एटकिन ह्यांचे आयुष्य वाचल्यावर मला ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, म्हणून ते आयुष्य येथे थोडक्यात सांगतो.

एटकिन ह्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी साताऱ्यात झाला. वडील स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. मुलाचे प्राथमिक शिक्षण त्यांनी स्वतःच घरी केले. मुलाला विलायतेच्या शाळेत धाडून देण्याची साहेबलोकांची रीत त्यांनी पाळली नाही. पुढचे शिक्षण मुंबईला व पुण्याला झाले. मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. आणि एम. ए. ह्या परीक्षांत एटकिन पहिले आले. १८७० ते १८७६ ह्या काळात ते डेक्कन कॉलेजात लॅटिनचे अध्यापक होते. १८८० साली विद्यापीठाचे होमजी करसेटजी पारितोषिकही त्यांना एका कवितेसाठी मिळाले. म्हणजे भाषा, काव्य आणि व्याकरण ह्यांत मुरलेला हा माणूस. आज तो आपल्या महाविद्यालयात असता, तर भाषा मंडळाचा चिटणीस नक्की झाला असता आणि विज्ञान मंडळाने त्याला दारातही उभे केले नसते.

त्या काळी पुण्याहून मुंबईला यावयाचे म्हणजे मार्ग आपल्याच दारावरून. बोरघाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली होती, आणि घाट उतरून आलेली गाडी आजच्यासारखीच कर्जतला लागे. जून महिन्यात ह्या घाटात जो हिरवा कल्लोळ उठतो, तो पाहत मुंबई-पुण्याच्या कितीतरी विद्वानांनी प्रवास केला असेल. पण हिरव्या रंगाच्या आत शिरून एकेका पानाच्या पाठीमागे काय चालले आहे ते पाहण्याची दृष्टी फार थोड्यांना असते. एटकिन ह्यांना ती होती.

एप्रिल १८७६ मध्ये ते मीठ व जकात खात्यात शिरले. ह्या खात्याची नोकरी म्हणजे बदल्यांची नोकरी. पहिली काही वर्षे त्यांनी खाराघोडा येथे काढली. कच्छच्या छोट्या रणाच्या काठावरचे हे मिठागरांचे गाव. पांढरी क्षारट जमीन, धूळ आणि ऊन. करमणुकीचे दुसरे काही साधन नसलेल्या अशा जागी सरकारी अधिकारी बहुधा पत्ते, दारू किंवा शिकार ह्यांपैकी कशाच्या तरी आहारी जात. एटकिन आपल्या बंगल्याच्या भिंतींकडे पाहू लागले. तेथे त्यांना उंदीर, पाली, कावळे, बेडूक, कोळी, मुंग्या, वाळवी आणि डास दिसले. त्यांच्या ध्यानात आले, की ह्या घरात आपण एकटे राहत नाही. नाना जमातींनी वेढलेल्या एका छोट्या संस्थानाचे आपण अधिपती आहोत. त्या सुमारास सरकारला वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांची चिंता लागलेली होती आणि वर्तमानपत्रे परराष्ट्र धोरणाच्या चर्चेने भरत होती. एटकिन ह्यांनी हीच भाषा उचलली आणि आपल्या बंगल्याच्या सरहद्दीवरील टोळ्यांचे वर्णन लिहून काढले. कोणाशी तह करावा, कोणावर चढाई करावी, कोणाला नजराणा देऊन गप्प बसवावे, असा सगळा थाट. हे पुस्तक १८८३ साली कलकत्त्याच्या थॅकर, स्पिंक कंपनीने प्रसिद्ध केले. त्यात खाराघोड्याला त्यांनी धुळीवरून एक गमतीचे नाव दिले आहे. मराठीत आपण त्याला धूळपूर म्हणू.

ह्या पुस्तकात फुलपाखरावर दोन प्रकरणे आहेत. पहिल्यात त्याची शिकार आहे आणि दुसऱ्यात त्याचे चिंतन. मला ह्या दोन मथळ्यांतच एटकिन ह्यांचा सगळा स्वभाव दिसतो. जाळी घेऊन मागे धावणे हा कीटकांच्या अभ्यासाचा एक भाग झाला. धरलेली वस्तू समोर ठेवून तिच्याविषयी विचार करीत बसणे हा दुसरा, आणि तो अधिक अवघड भाग. पहिल्याला पाय लागतात. दुसऱ्याला भाषा लागते, आणि ती तर ह्या लॅटिनच्या मास्तराजवळ भरपूर होती.

परंतु एकट्या माणसाच्या डोळ्यांना मर्यादा असते. खाराघोड्याला पाहिलेला भुंगेरा मुंबईला आहे की नाही, मुंबईची अळी रत्नागिरीला कोणत्या झाडावर वाढते, हे एकट्याला कसे कळणार? त्यासाठी चार माणसे एकत्र यावी लागतात. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठजण जमले आणि त्यांनी एक मंडळ स्थापन केले. तेच आजचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. ह्या आठांत एटकिन होते आणि मंडळाचे पहिले मानद चिटणीसही तेच झाले. मार्च १८८६पर्यंत त्यांनी हे काम पाहिले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. त्या आठजणांत दोघे आपले होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक आहेत. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन राऊत. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि मुंबईकडील औषधी वनस्पतींवर त्यांनी ग्रंथ लिहिला होता. डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून त्यांचे नाव आपण ऐकलेले असते. समाजसुधारणेच्या इतिहासात आपण ह्या दोघांना भेटतो, पण त्यांनी फुलपाखरांच्या आणि सापांच्या मंडळाचाही पाया घातला, हे आपल्याला कोणी सांगत नाही. निसर्गाचा शास्त्रीय अभ्यास ही साहेबांची हौस होती आणि आपण तिचे नुसते प्रेक्षक होतो, हा समज निदान ह्या एका तारखेपुरता तरी खोटा ठरतो.

मंडळाचे काम अगदी साधे होते. महिन्यातून एकदा जमावयाचे, प्रत्येकाने पाहिलेले सांगावयाचे, मिळालेला नमुना दाखवावयाचा. पुढे १८८६च्या जानेवारीत मंडळाचे नियतकालिक सुरू झाले. पहिले संपादक एटकिन आणि आर. ए. स्टर्नडेल. हे नियतकालिक पुढे शंभरांहून अधिक वर्षे चालत राहिले. त्यात लिहिणारे सगळे प्राध्यापक नव्हते. कोणी जंगल खात्यातला, कोणी पोलिसातला, कोणी डॉक्टर, कोणी रेल्वेतला. आपल्या तालुक्यात जे दिसले ते तारीख, ठिकाण आणि परिस्थिती ह्यांसह लिहून पाठवावयाचे, एवढीच अट. विद्यापीठाने जे साधन तेव्हा निर्माण केलेले नव्हते, ते ह्या हौशी लोकांनी टपालाच्या बळावर निर्माण केले. त्या साधनाची अंगे तीन : नमुन्यांचा संग्रह, नोंदींचे नियतकालिक आणि एकमेकांच्या चुका दाखविणारी मित्रमंडळी. ह्यांपैकी तिसरे अंग सर्वांत मोलाचे आहे, असे मला वाटते. संग्रहाला वाळवी लागू शकते. पण चूक दाखविणारा मित्र असला, की अभ्यास सरळ राहतो.

दरम्यान एटकिन ह्यांच्या बदल्या चालूच होत्या. आपल्या आजच्या रायगड जिल्ह्यातल्या उरणला ते होते. तेथली मिठागरे त्यांच्या खात्याच्या देखरेखीखाली. नंतर उत्तर कानडा, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी आणि मुंबई. ह्यांतला उत्तर कानड्याचा, म्हणजे कारवारकडचा काळ कीटकांच्या दृष्टीने सोन्याचा ठरला. तेथे जेम्स डेव्हिडसन हे जिल्ह्याचे कलेक्टर होते आणि टी. आर. बेल हे जंगल खात्यातले अधिकारी. एक महसूलवाला, एक जंगलवाला आणि एक मीठवाला अशा तिघांनी मिळून त्या जिल्ह्यातील फुलपाखरांचा जो अभ्यास केला, तो आजही अभ्यासकांना उघडून पाहावा लागतो. डेव्हिडसन व एटकिन ह्यांचा अळ्या आणि कोष ह्यांवरील लेख १८९०मध्ये आला, आणि तिघांनी मिळून लिहिलेली उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवरील लेखमाला १८९६-९७मध्ये प्रसिद्ध झाली.

ह्या कामाचे महत्त्व समजावयाचे, तर त्याआधी बहुतेक लोक फुलपाखरे कशी जमवीत हे पाहिले पाहिजे. पंख सुंदर दिसले की धरावयाचे, टाचणी टोचावयाची, डांबरगोळी घालून पेटी बंद करावयाची. फुलपाखरू कोठून आले, लहानपणी काय खात होते, किती दिवसांनी पंख फुटले, ह्याचा पत्ता नाही. माणसाचे चरित्र लिहिताना फक्त त्याच्या लग्नातला फोटो छापावा, तसला हा प्रकार! एटकिन आणि त्यांच्या सोबत्यांनी उलट दिशेने सुरुवात केली. त्यांनी अंडी आणि अळ्या शोधल्या, त्या ज्या झाडावर सापडल्या त्याच झाडाची ताजी पाने रोज घालून घरी वाढविल्या, अळी किती वेळा कात टाकते ते पाहिले, कोषाचा रंग आणि आकार लिहून ठेवला, आणि शेवटी कोषातून जे फुलपाखरू निघाले त्याच्याशी सगळ्याची सांगड घातली. अशा रीतीने कोणती अळी कोणत्या फुलपाखराची आणि कोणत्या झाडाची, ह्याचा एक ताळेबंद तयार झाला.

हा ताळेबंद आपणही आपल्या परसात पडताळून पाहू शकतो. घराजवळच्या रुईच्या पानावर पांढऱ्या, काळ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसते. तिच्यापासून प्लेन टायगर नावाचे तांबूस-केशरी फुलपाखरू होते. रुईचा चीक कडू व विषारी असतो. तो अळीच्या अंगात साठतो, आणि म्हणून पक्षी ह्या फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत. कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. ते सोंग शत्रूला फसविण्यासाठी. पुढे मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. आंब्यावरच्या बांडगुळाला शेतकरी शिव्या घालतो, परंतु कॉमन जेझबेल ह्या पिवळ्या-तांबड्या फुलपाखराची अळी त्याच बांडगुळावर जगते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून ज्या ब्लू मॉरमॉनची निवड केली, त्याची अळीही लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते. म्हणजे फुलपाखरू वाचवावयाचे असेल, तर आधी झाड ओळखता आले पाहिजे. ही गोष्ट ह्या तिघांच्या कामाने पक्की केली.

एटकिन ह्यांचे गुणगान करताना त्यांची दुसरी बाजू झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. १८८९ साली त्यांचे एक पुस्तक आले. त्यात बंगल्यामागच्या चाळीत राहणाऱ्या नोकरांची शब्दचित्रे आहेत. बटलर, धोबी, घोडेवाला, आया, हमाल अशी ती मंडळी. विनोद चांगला साधला आहे, निरीक्षणही बारीक आहे. पण वाचताना आपल्या मनाला टोचत राहते. ज्या नजरेने लेखकाने मुंग्या आणि पाली पाहिल्या, त्याच नजरेने तो येथे माणसे पाहतो आहे, असे वाटते. मुंगीला मुंगीची जागा दाखविणे क्षम्य आहे. माणसाला तशी जागा दाखविणारा विनोद आज आपल्याला हसवू शकत नाही. शिवाय त्यांचे खाते मिठाचे. गरिबाच्या भाकरीबरोबरच्या मिठावर कर बसविणारे ते खाते होते, आणि १९३०मध्ये सारा देश त्या कराविरुद्ध उठला. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात रक्त सांडले. एटकिन त्यापूर्वीच गेले होते. परंतु ज्या राज्ययंत्रणेचे ते एक चाक होते, तिचा हिशोब त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

आणखी एक विचार मनात येतो. जंगलात कोणते झाड कोणते, कोणत्या ऋतूत कोठे काय सापडते, हे परक्या अधिकाऱ्याला स्थानिक माणसाच्या सोबतीशिवाय कळणे कठीण. अशा सोबत्यांची नावे त्या काळच्या शास्त्रीय लेखांत क्वचितच आढळतात. आमच्याकडच्या ठाकूर आणि कातकरी बांधवांना मधाचे पोळे कोणत्या कड्यावर बसले आहे ते दूरवरून कळते. त्यांच्या ज्ञानाला आपण ज्ञान म्हणतो काय? हा प्रश्न केवळ एटकिन ह्यांना विचारून आपली सुटका नाही. तो आपल्यालाही लागू आहे.

पण न्यायाने बोलावयाचे, तर त्यांच्या उत्तरायुष्यातील एक प्रसंग सांगावाच लागेल. ऑगस्ट १८९७मध्ये रोनाल्ड रॉस ह्यांनी सिकंदराबादला ॲनोफिलिस जातीच्या डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधून काढले. तोपर्यंत हिवताप दूषित हवेने होतो असे बहुतेक लोक समजत. आता डास हाच वाहक ठरल्याने एकदम नवा प्रश्न उभा राहिला : डास तर शेकडो प्रकारचे, त्यांतला नेमका कोणता? गोव्याच्या सरहद्दीवर जंगलात जकातीची ठाणी होती आणि तेथले शिपाई हिवतापाने हैराण झाले होते. १९०२ साली खात्याने ह्या ठाण्यांची पाहणी करून शिपायांना डासांपासून दूर कसे ठेवता येईल हे ठरविण्याचे काम एटकिन ह्यांच्याकडे सोपविले. ज्या माणसाने वीस वर्षांपूर्वी आपल्या बंगल्यातल्या डासांवर विनोदी प्रकरण लिहिले होते, तोच आता डबकी आणि झरे तपासत, डासांच्या अळ्या गोळा करीत ठाण्याठाण्यांवरून फिरू लागला. ह्या फेरीत त्यांना ॲनोफिलिसची एक नवीन जात सापडली. मेजर जेम्स ह्यांनी तिला एटकिन ह्यांच्यावरून ॲनोफिलिस एटकेनाय असे नाव दिले.

गंमत अशी, की जंगलातील झऱ्यांच्या सावलीत वाढणारा हा डास माणसाला हिवताप देणारा नाही, असे पुढे दिसून आले. मग ह्या शोधाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग हाच, की गुन्हेगार कोण नाही हे कळल्याशिवाय गुन्हेगार सापडत नाही. सगळे डास सारखेच मानून सगळ्यांवर लढाई पुकारली, तर पैसा आणि श्रम वाया जातात. नेमका कोणता डास, तो कोणत्या पाण्यात अंडी घालतो, हे ठाऊक असेल तर तेवढ्याच पाण्याचा बंदोबस्त करता येतो. एक जात दुसरीपासून वेगळी काढणे हे वरवर निरुपयोगी वाटणारे काम शेवटी शिपायाच्या जिवाशी जाऊन भिडते. नोकरांवर विनोद करणाऱ्या ह्या लेखकाच्या हातून साध्या शिपायांसाठी हे काम व्हावे, ह्यात मला एक प्रकारची परतफेड दिसते.

मे १९०३मध्ये एटकिन कराचीला मीठ व जकात खात्याचे मुख्य अधिकारी झाले. पुढे सिंध प्रांताच्या गॅझेटियरचे काम त्यांच्याकडे आले. ऑगस्ट १९०६मध्ये ते निवृत्त होऊन एडिंबरोला गेले आणि एप्रिल १९०९मध्ये तेथेच वारले. वय अवघे सत्तावन्न. त्यांचे राहिलेले लेख १९१४ साली पुस्तकरूपाने निघाले. त्यापूर्वी जंगलातल्या भटकंतीवरचे पुस्तक १८९४मध्ये आणि मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचे १९००मध्ये येऊन गेले होते. साताऱ्यात जन्मलेल्या ह्या माणसाचे नाव आज साताऱ्यातही फारसे कोणी घेत नाही. त्यांनी ज्या मंडळाचे पहिले चिटणीसपद भूषविले, त्याच्या दारात १९०८ साली एक मुंबईकर मुलगा मारलेली चिमणी घेऊन ती कोणती हे विचारावयास गेला. तो मुलगा म्हणजे पुढचे डॉ. सलीम अली. साधन एकदा उभे राहिले, की ते कोणाच्या हाती लागेल ते उभारणाऱ्यालाही सांगता येत नाही, हेच खरे.

आता आपल्या गावाकडे येऊ. माथेरान कर्जत तालुक्यात आहे. तेथील फुलपाखरांची पहिली यादी १८९४ साली बेथॅम नावाच्या एका इंग्रज अभ्यासकाने केली. तीत ७८ जाती होत्या. त्यानंतर सव्वाशे वर्षे गेली. २०११ ते २०१९ ह्या काळात अभ्यासकांनी पुन्हा पाहणी केली, मंडळाच्या संग्रहातील जुन्या टाचण्याही तपासल्या, आणि २०२२मध्ये १४० जातींची यादी प्रसिद्ध झाली. हे वाचून मला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. सव्वाशे वर्षांत ह्या दोन तालुक्यांतून किती मुले शिकली, किती पदवीधर झाली! रोज नेरळ स्टेशनवरून माथेरानच्या डोंगराकडे पाहणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही मधली एकही यादी करावीशी वाटू नये काय?

ह्यात केवळ अभिमानाचा प्रश्न नाही. खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावाभोवती गेल्या काही वर्षांत खाचरे भरून भूखंड पाडले गेले, कुंपणे आली, फार्महाऊस आली. बांधावरची रानटी झुडपे निघाली आणि त्यांच्या जागी हिरवळीचे गालिचे आले. पावसाच्या तोंडावर काजव्यांनी लगडलेली झाडे पूर्वी अंगणातून दिसत, ती आता दूर रानात जाऊन पाहावी लागतात, असे घरची वडीलधारी माणसे सांगतात. ह्या उलथापालथीत आमच्या गावातून किती जातींचे कीटक नाहीसे झाले? कोणालाच सांगता येणार नाही. कारण मुळात किती होते, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. माथेरानसाठी १८९४ची एक यादी होती, म्हणून २०२२मध्ये तुलना करता आली. आमच्या गावासाठी काहीच नाही. जे लिहिलेले नाही, ते हरवले तरी कळत नाही. माझ्या मते एटकिन ह्यांच्या चरित्राचा खरा अर्थ ह्या एका वाक्यात आहे.

मग आपण काय करावे? साधने नाहीत ही सबब आता चालणार नाही. मंडळाच्या नियतकालिकाचे जुने खंड आज संगणकावर फुकट वाचावयास मिळतात. एटकिन ह्यांची पुस्तकेही तशीच मिळतात. मी ती मोबाईलवर, लोकलने जाता-येता वाचली. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. खोडकिडा, तुडतुडे, लष्करी अळी ह्यांविषयी विचारावयास दापोलीला जावे लागत नाही. आणि आमचे शेतकरी तरी काही अडाणी नाहीत. खोडकिड्याने पोखरलेल्या भाताची लोंबी दाण्यावाचून पांढरी पडते. तिला पळिंज म्हणतात, हे प्राध्यापकांना सांगणारा पहिला माणूस बांधावरचाच असला पाहिजे.

मला सुचवावेसे वाटते ते एवढेच. आपल्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. विद्यार्थ्याने आपल्या गावात जो कीटक पाहिला, त्याची नोंद तीत करावी : तारीख, गाव, झाड, वेळ, आणि तो काय करीत होता ते. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहावे. घरचे लोक त्याला जे म्हणतात ते गावठी नावही लिहावे. सांगणाऱ्या माणसाचे नाव, त्याची संमती घेऊन, तेथे लिहिण्यास विसरू नये. एटकिन ह्यांच्या काळी जे राहून गेले, ते निदान आपण करावे. जाळी लागत नाही, मारण्याचीही गरज नाही. अळी वाढविण्यास एक काचेची बरणी, वर बांधावयास मलमलीचा तुकडा आणि रोजचे ताजे पान पुरते. प्राणिशास्त्राच्या मित्रांनी शास्त्रीय नावे लावावीत. भाषेच्या विद्यार्थ्यांनी वर्णनाची भाषा तपासावी. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तारखा सांभाळाव्यात. अशा कामात कला आणि विज्ञान अशी भिंत उरत नाही, हे लॅटिनच्या एका मास्तराने आपल्याला दाखवून ठेवले आहे.

ही वही दहा वर्षे चालली, तर तिला विद्यापीठही किंमत देईल. पन्नास वर्षे चालली, तर कर्जत-खालापूरची ती बखर होईल. आणि पुढे कधी कोणी मुलगा किंवा मुलगी विचारील, की आपल्या गावात पूर्वी काय काय होते, तेव्हा त्याला साहेबाच्या यादीचा शोध घेत मुंबई गाठावी लागणार नाही. उत्तर त्याच्याच मातृभाषेत, त्याच्याच महाविद्यालयाच्या कपाटात असेल.